एखाद्या राज्यात एकाच धर्माचं प्राबल्य असेल तर तिथल्या राजकारणावर नेमका काय परिणाम होतो?

मिझोरामचं उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. जवळपास सगळेच उमेदवार एकाच धर्माचे, त्यामुळे धर्माच्या नावावर मतं फोडण्यात अर्थच उरत नाही. प्रभाव पडतो तो चर्चच्या संघटनेचा, आणि माझ्या मते आकड्यांपेक्षा तीच महत्त्वाची.

२००६ मध्ये चर्चच्या पुढाकाराने 'मिझोराम पीपल्स फोरम' उभा राहिला. प्रचारात पैसा आणि जेवणावळी नकोत, सगळ्या उमेदवारांनी एकाच मंचावरून बोलावं, असे नियम तो घालून देतो आणि पक्ष ते पाळतात. कायद्याचा बडगा नसताना! निवडणूक खर्चाला असा आळा बसतो, हे मला खरोखर मोलाचं वाटतं.

दारूबंदीचा प्रवास बघा: १९९७ मध्ये बंदी लागू, २०१५ मध्ये काँग्रेस सरकारच्या काळात दुकानं उघडली, चर्चचा विरोध कायम राहिला, आणि २०१८ मध्ये बंदीचं आश्वासन देत मिझो नॅशनल फ्रंट सत्तेवर आला. २०१९ मध्ये पुन्हा बंदी. २०२३च्या विधानसभा निवडणुकीची मतमोजणीसुद्धा, रविवार हा चर्चमधल्या प्रार्थनेचा दिवस म्हणून तो टाळून, ४ डिसेंबरला झाली.

पण जो या चौकटीत बसत नाही त्याचं काय? चकमा समाज प्रामुख्याने बौद्ध आहे. १९७२ पासून त्यांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे, तरी राज्याच्या राजकारणात ते कडेलाच राहतात. अर्थात तिथे वांशिक भेदही आहे, सगळं खापर धर्मावर फोडता येणार नाही.