गणेशोत्सवात जुनं रॉक गाणं अकूस्टिक गिटारवर वाजवायचंय, पण स्पीकरमधून पत्र्यासारखा आवाज येतो. ऊबदार कसा करू? (इंदूर)

दोष बहुतेक गिटारचा नाही, पिकअपचा (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आहे. ब्रिजखालचा (तारा जिथे गिटारच्या पोटावर अडकवतात ती पट्टी) पिएझो, म्हणजे दाबावर चालणारा पिकअप, प्रीअँपशिवाय (सिग्नल आधी सावरून वाढवणारं सर्किट) थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की खालचे सूर गळतात, कारण त्याला साधारण १ मेगाओम अवरोधाचा (इम्पीडन्स) इनपुट लागतो आणि लाइन इनपुटचा त्याहून खूप कमी असतो. मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी, विजेवर चालणारी डबी) लावा. निम्मा पत्रा तिथेच जाईल.

मग मिक्सरवर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कमी करा. लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) ८० हर्ट्झला. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे काही बिघडत नाही. ऊब हवी म्हणून बास चढवू नका, मंडपात गिटार घूं घूं करायला लागेल. साउंडहोलला रबरी झाकण लावलं तर उत्तमच.

तारा फॉस्फर ब्राँझ, १२-५३ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी चढवा, अगदी नव्या तारा चरचरतात. ०.५ मिमीचं पिक टकटक करतं. १ मिमीचं घ्या आणि त्याच्या गोल कोपऱ्याने साउंडहोलवर, मानेच्या बाजूला वाजवा. ब्रिजजवळ हात सरकला की पुन्हा पत्रा!

भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात. गिटार केसमध्येच ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.