कुमसार झाला, पैशांचे काय?

प्रश्न : ईस्टरआधी कुमसार (चर्चमध्ये पाद्रीपुढे पापांची कबुली) केला. दुकानमालकाच्या गल्ल्यातून पैसे काढत होतो, तेही सांगितले. घरी आल्यावर आणखी एक जुने पाप आठवले. मिळालेली क्षमा वाया गेली का? आणि पैसे परत करायलाच हवेत?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : क्षमा वाया गेलेली नाही. नकळत विसरलेले पाप बाकीच्यांबरोबरच माफ होते; गंभीर असेल तर पुढच्या कुमसारात तेवढेच सांगा. जाणूनबुजून लपवले असते, तर मात्र सगळा कुमसारच फुकट.

पैसे परत करायचेच. पाद्रीने प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना म्हटली की हिशेब मिटला, हा समज आपल्याकडे फार. क्षमेने पाप जाते, मालकाचे नुकसान भरून निघत नाही. स्वतःचे नाव उघड करण्याची सक्ती नाही; रक्कम पाद्रीमार्फत पोहोचवता येते. एकदम जमत नसेल तर थोडी थोडी. मालक वारला असेल तर वारसांना, कोणीच सापडत नसेल तरच गरिबांना. (आधीच दानपेटीत टाकून मोकळे होणे, ही पळवाट.) फेडण्याची इच्छाच नसेल, तर पश्चात्ताप खरा कसा म्हणायचा?

पाद्री मालकाला सांगेल ही भीती नको. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या) 983 व्या कलमाने त्याला कुमसारातले काहीही उघड करण्याची मनाई आहे.