तडीपार : तड कोणती, पार कोणतं?

कराडच्या एका ताईंनी विचारलंय : ‘आमच्या गल्लीतल्या पोराला दोन वर्षं तडीपारीची शिक्षा झाली, असं सगळे म्हणतात. घरी आलेल्या कागदावर मात्र हद्दपार लिहिलंय. दोन्ही एकच का? आणि तडी म्हणजे काय?’

ताई, आधी त्या वाक्यातली ‘शिक्षा’ काढा. साताऱ्याच्या स्टँडवर, सांगलीच्या मार्केट यार्डात, बातम्यांत, जिथं तिथं ही ‘तडीपारीची शिक्षा’ कानावर येते आणि डोकं उठतं. शिक्षा कोर्ट देतं, तीही गुन्हा शाबीत झाल्यावर. तडीपारी हा प्रतिबंधक हुकूम आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) यातलं कलम ५५ टोळीसाठी, ५६ एकट्यादुकट्यासाठी. ५६ चा हुकूम आपल्याकडे बहुतेक वेळा प्रांत, म्हणजे प्रांताधिकारी, काढतात, आणि त्यासाठी माणूस आधी कुठल्या खटल्यात दोषी ठरलेला असावा लागत नाही. ती अट ५७ ला. म्हणजे गल्लीनं ज्याला गुन्हेगार ठरवून टाकलंय, त्याच्यावर कदाचित एकही गुन्हा शाबीत झालेला नसेल. एका शब्दानं केवढा अन्याय होतो बघा.

हद्दपार आणि तडीपार कायद्याच्या दृष्टीनं एकच. सरकारी कागद हद्दपार म्हणतो, लोक तडीपार म्हणतात. हद्द हा अरबी शब्द, अर्थ सगळ्यांना ठाऊक, तिथं थांबायचं कारण नाही. खरी गंमत तडीत आहे.

संस्कृत ‘तट’ म्हणजे काठ. स्वरांच्या मधे सापडलेल्या ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो : वटाचा वड, घोटकाचा घोडा, कटूचं कडू. तशीच तटाची तड. तिला विभक्ती लागली की तडी, जशी भिंत, भिंतीला. ‘काम तडीस नेलं’ म्हणतो त्यातली तडी हीच! काम तडीस जाणं म्हणजे नाव काठाला लागणं. लहानपणी हरिपूरच्या संगमावर नावेत बसलो की काठ दिसताच मी उठायचो. नावाडी बांबू गाळात रोवून ओरडायचा, ‘तडीला लागूदे, मग ऊठ!’ कृष्णेचं पाणी, वारणेचं पाणी, आणि कानात तो शब्द. अजून जात नाही.

आता ‘पार’ बघा. संस्कृतात त्याचा अर्थच पलीकडचा काठ. पारंगत म्हणजे त्या काठाला पोचलेला. तडीपार या एका शब्दात असे दोन काठ समोरासमोर उभे आहेत. एक सोडायचा, दुसऱ्यावर जायचं. हद्दपारमध्ये ही नदी नाही, नुसती कागदावरची रेघ आहे.

साताऱ्यातले एक निवृत्त भाषाशिक्षक वाचनालयात ठासून सांगतात, की ही तडी ‘तडी मारणे’मधली, म्हणजे मिजास, ज्याची मिजास संपवली तो तडीपार. हे साफ चूक आहे. मग ‘पार’चं काय करायचं? मिजाशीच्या पलीकडे पाठवलं? आणि तडीस नेलेल्या कामात कसली मिजास होती? बोलीतल्या एका शब्दाशी आवाज जुळला म्हणून अर्थ जुळवायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. त्यांना मी तोंडावरही हेच सांगितलंय.

माझं स्वतःचं मत असं, की हा शब्द नदीकाठच्या मुलखातच जन्मला असणार. गावाची शीव नदीला भिडायची, आणि माणूस गावाबाहेर घालवायचा म्हणजे नावेत बसवून पलीकडे सोडायचा. पुरावा मागाल तर आजचा नकाशा बघा. सांगली आणि कोल्हापूर यांच्यामधे वारणा. सातारा आणि पुणे यांच्यामधे नीरा. शिरवळ सोडून पूल ओलांडला की सारोळा, म्हणजे जिल्हा बदलला. शेजारचे जिल्हेही बऱ्याचदा हुकुमात घातलेले असतात, तेव्हा एक नदी ओलांडून भागत नाही. पण शब्दाला मूळ अर्थ आठवतो. पुढं जाऊन मी म्हणेन की लोकअदालतीतली ‘तडजोड’ही यातलीच, दोन तडी जोडणं. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

ताईंचा प्रश्न राहिला. त्या पोराच्या घरच्यांना सांगा : कलम ५९ प्रमाणे हुकुमाआधी आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावं लागतं, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, वकील देता येतो, साक्षीदार आणता येतात. हातातला कागद नोटीस आहे की हुकूम, हे आधी नीट वाचा. हुकूम असेल तर कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त घालता येत नाही. आणि बोलताना ‘दोन वर्षांसाठी तडीपार केलं’ एवढंच म्हणा. परवानगीशिवाय तो आत आला, कलम १४२ खाली खटला चालला आणि कोर्टानं दोषी धरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिला शिक्षा म्हणा.