पणजोबा बसऱ्याला गेले, पुढं काय झालं?

वंशावळीवर लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त पत्रं येतात ती परदेशात वारलेल्या माणसांबद्दल. यावेळी त्यातली चार घेतो.

प्रश्न : आमच्या देवघरात बशीएवढी जड चकती आहे. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह. आजी अंबाबाई समजून हळदकुंकू वाहायची. पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत’ (बसरा आजच्या इराकमध्ये) गेले म्हणतात. नोंद कुठं मिळेल? (कागल तालुका)

ती अंबाबाई नव्हे, ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक म्हणून काढलेली बाई. पण त्रिशूळ आणि सिंह समोर असल्यावर कोल्हापूरच्या बाईला दुसरं काय वाटणार! पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकाच्या वारसाला ही ब्राँझची चकती मिळायची. म्हणजे पहिला पुरावा घरातच आहे. चिंच लावून घासू नका. मोबाइलची बॅटरी बाजूनं आडवी धरा, चौकटीतलं उठावाचं नाव दिसेल.

चकतीवर फक्त नाव असतं. हुद्दा, पलटण काही नाही. म्हणून ट्रंकेत पदक आहे का बघा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हा नंबर नावापेक्षा मोलाचा, कारण एका पलटणीत गणपत पवार किती निघतील याचा नेम नाही.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (सीडब्ल्यूजीसी, महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) वेबसाइट उघडा. शोध फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिथं धरतात. पवार हे आडनाव आपल्याकडच्या सवयीनं पी-ओ-डब्ल्यू-ए-आर असंही टाकून बघा. आडनाव मुळीच नसेल तर बापाचं नाव आणि गाव यावरून माणूस ओळखावा लागतो. बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीनुसार आकडा तेवढा दिला. नावं नोंदवहीत आहेत, त्यामुळं स्मारकाच्या फोटोत पणजोबा सापडले नाहीत म्हणून खट्टू होऊ नका.

१०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि पुढं तुर्कांच्या कैदेत पुष्कळ माणसं वारली. पणजोबा यातल्या एखाद्या पलटणीचे निघाले, तर कैदेतल्या मृत्यूच्या तारखेवर श्राद्धाची तिथी काढायला जाऊ नका. तारीख अंदाजाची असू शकते.

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ १९३१ च्या सुमारास बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले ते गेलेच. कुणी म्हणतं मडमेशी लग्न केलं, कुणी म्हणतं वारले. (राजारामपुरी)

दोन्ही खरं असू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूची सरकारी नोंद आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीत नाव शोधायचं आणि दाखला मागवायचा. नातं सिद्ध करावं लागत नाही, पैसे भरले की कुणालाही मिळतो. सूचीत तीन-तीन महिन्यांचे गट असतात. तिथल्या कारकुनानं वडिलांचं नावच आडनाव समजून लिहिलं असेल, तेही तपासा.

दाखल्यावर वय, व्यवसाय आणि मृत्यूचं कारण मिळेल, आईवडिलांची नावं नाहीत. मी आधी शेवटचा रकाना वाचतो : खबर कुणी दिली. तिथं घरमालकीण आहे की ‘विधवा’, यावर तुमच्या घरातला मडमेचा वाद मिटेल. एडिंबरोला वारले असतील तर तुमचं नशीब, कारण स्कॉटलंडच्या नोंदीत १८५५ पासून आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. थडगं मात्र शोधत बसू नका. लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीनला १९०२ पासून दहनगृह आहे, तिथलं रजिस्टर विचारा.

प्रश्न : कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे) इटलीत वारले. तिथल्या नोंदी आपल्याला बघता येतात का? (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

येतात. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘अँतेनाती’ म्हणून पोर्टल आहे, नावाचा अर्थच पूर्वज. मृत्युनोंदींची पानं फुकट बघता येतात, पण ती हातानं लिहिलेल्या इटालियनमध्ये आहेत. महाराज ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, ऐन विशीत, इंग्लंडहून परत येताना. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, खास परवानगी काढून, दहन झालं. आपल्या पंचगंगेच्या घाटाची आठवण त्या मंडळींना झाली नसेल असं मला वाटत नाही. १८७४ मध्ये तिथं त्यांचा अर्धपुतळा बसला आणि जवळच्या पुलालाही लोक ‘त्या हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात.

प्रश्न : काका अमेरिकेत वारले, नाव अजून सातबाऱ्यावर आहे. वंशावळीच्या साइटवरून काढलेला कागद तलाठी घेत नाहीत. (शिरोळ)

बरोबर करतात. तो कागद शोधापुरता. वारसनोंदीला मूळ दाखला लागतो. अमेरिकेत सगळ्या देशाचं एक कार्यालय नाही, ज्या राज्यात वारले तिथून दाखला काढायचा आणि त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून खरेपणाचा अधिकृत शिक्का, करून घ्यायचं. काकांचं नागरिकत्व भारताचंच होतं का, हे आधी चुलतभावाला विचारा. असेल तर आपल्या वकिलातीत मृत्यू नोंदवलेला असू शकतो. आणि दाखल्याच्या दोन प्रती मागवा, एक कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडकतेच.