दीड महिन्याच्या बाळाची घुरघुर : काळजी केव्हा करावी?

तुम्ही लिहिले आहे की बाळ दीड महिन्याचे आहे, झोपेत घुरघुरते, मधूनच त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटतो, आणि सासूबाई ‘छातीत कफ भरला आहे’ असे म्हणतात. मी डॉक्टर नाही; बालरुग्ण विभागात २२ वर्षे परिचारिका होते. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे : आवाज किती मोठा आहे यावरून आजाराचा अंदाज बांधू नये, बाळाची छाती उघडी करून पाहावी.

या वयाचे बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते आणि त्याच्या नाकातील वाट इतकी अरुंद असते की वाळलेल्या शेंबडाचा एखादा कण किंवा घशाशी आलेले थोडे दूधही आवाज काढायला पुरेसे होते. हा आवाज पाठीवर हात ठेवला की हाताला लागतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना कफ छातीतच आहे असे वाटते. श्वास थांबण्याविषयी सांगायचे तर लहान बाळे ५ ते १० सेकंद थांबून मग भरभर काही श्वास घेतात आणि पुन्हा संथ होतात, हे नेहमीचे आहे. मात्र श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही बाळ निळसर वा लुळे पडले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

माझी स्वतःची मुलगी दुसऱ्या आठवड्यापासून श्वास आत घेताना कोंबड्याच्या पिलासारखा आवाज काढत असे. उताणी निजवली किंवा रडली की तो इतका वाढे की शेजारीण विचारायला येई. तिच्या स्वरयंत्रावरचा भाग मऊ होता आणि श्वासाबरोबर आत ओढला जात होता. तान्ह्या बाळांच्या अशा आवाजाचे हे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे आणि बहुतेकांचे ते दीड-दोन वर्षांत आपोआप जाते. ती नीट दूध पीत होती, वजन वाढत होते, म्हणून डॉक्टरांनी केवळ लक्ष ठेवले.

याउलट, प्रत्येक श्वास सोडताना हलकेच कण्हणारे एक बाळ आमच्याकडे आले होते आणि घरच्यांना ते झोपेत कुरकुरते आहे असे वाटले होते. फुप्फुसांतील वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळ श्वास सोडताना घसा आवळते आणि त्यातून हा हुंकार निघतो. म्हणून तो हळू असला तरी गंभीर समजावा. शी करताना लालबुंद होऊन कुंथणे वेगळे, ते थोड्या वेळात संपते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, मान डोलणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, श्वासाच्या धापेमुळे दूध सोडून देणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, वाहन नसल्यास १०८ ला फोन करावा. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तरीही थांबू नये. आधी जोरात आवाज करणारे, धापणारे बाळ अचानक शांत आणि मलूल झाले, तर ते बरे झाले असे समजू नका. ते दमलेले असू शकते.

श्वास मोजणे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईंनाही वाळूचे घड्याळ आणि मणी यांच्या साह्याने ते शिकवले होते. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर डॉक्टरांकडे न्या. दोन महिन्यांनंतर वर्षापर्यंत हाच आकडा ५० आहे.

न्हाऊमाखू घातल्यावर नाकात तेल सोडणे आणि ओवा-वावडिंगाची धुरी देणे मात्र सासूबाईंना आदराने सांगून बंद करावे, कारण तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणू शकते आणि धुराने नाक अधिकच चोंदते. त्याऐवजी दूध पाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घालावेत.

तुमचे बाळ वरील खुणांशिवाय केवळ घुरघुरत असेल आणि पोटभर पीत असेल, तर त्याची छाती उघडी दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ आवाजासह फोनवर काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळे हमखास गप्प होतात. सहा आठवड्यांच्या लसीसाठी तुम्हाला जायचेच असेल. तेव्हा वजन करून घ्या आणि तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.