दोन जुनी ग्राफिक्स कार्डं की एक नवं? गावच्या लाईनवर तरी एकच

प्रश्न थोडक्यात असा आहे: दारव्ह्याजवळच्या गावात राहतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा लहान मदरबोर्ड आणि १०८०पी मॉनिटर आहे. एक गेमिंग कॅफे बंद झाला, त्यांची आरएक्स ५८० ची ८ जीबीवाली दोन ग्राफिक्स कार्डं स्वस्तात मिळताहेत. ती घेऊन क्रॉसफायर करू, म्हणजे दोन्ही जोडून एकत्र चालवू, की वर थोडे पैसे टाकून एकच नवं कार्ड घेऊ? जीटीए ५, सायबरपंक आणि एल्डन रिंग खेळायचं आहे.

भाऊ, एकच घ्या.

मी तालुक्याला असेंबलिंग-रिपेअरिंग करतो. दोन कार्डांचा नाद घेऊन पोट्टे अजूनही दुकानात येतात, कारण २०१६ चे व्हिडिओ यूट्यूबवर तसेच पडून आहेत. त्या वर्षी एएमडीने दोन आरएक्स ४८० जोडून एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० ला टक्कर देऊन दाखवली होती. पण ती दाखवली ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या खेळात, आणि त्याच्या निर्मात्यांनी दोन कार्डांसाठी मुद्दाम मेहनत घेतली होती. बाकीच्यांनी काहून घ्यावी? दोन कार्डंवाले गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

क्रॉसफायर काय किंवा एनव्हिडियाचं एसएलआय काय, काम आळीपाळीने वाटलं जायचं. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. जुन्या खेळात हे जमून जायचं. आता बहुतेक खेळ कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेमचा हिशेब वापरतात. ती फ्रेम असते शेजारच्या कार्डात, म्हणजे हे कार्ड तिची वाट पाहत बसतं. तिथेच दोघांचा मेळ बिघडतो.

मेळ जमला तरी एक भानगड उरतेच. समजा स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, दाखवतो. म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला पाहिजे. दोन कार्डांत एक फ्रेम ८ ला येते, पुढची २५ ला, पुन्हा ८, पुन्हा २५. सरासरी काढाल तर ६० च भरते, पण गाडी वळवताना डोळ्याला झटके जाणवतात. आकडा पाहून खूश झालेला माणूस पंधरा मिनिटांत 'माऊस खराब आहे का हो' म्हणून विचारायला येतो.

आता कंपन्यांनीच हा धंदा गुंडाळला. एएमडीने २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नाव सोडलं, २०१९ च्या आरएक्स ५७०० ला ती सोयच दिली नाही. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयचे नवे प्रोफाइल, म्हणजे खेळागणिक लागणारी सेटिंग, देणं थांबवलं. त्यांच्या ३० सिरीजमध्ये जोडणीचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होता, ४० सिरीजमध्ये कोणालाच नाही. तुमच्या यादीतल्या जीटीए ५ ला दोन कार्डांचा फायदा होतो, पण तो पीसीवर २०१५ ला आलेला खेळ, एका कार्डावरही मस्त चालतो. सायबरपंक आणि एल्डन रिंगमध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहील. एल्डन रिंग तर तसाही ६० च्या वर जात नाही.

'८ आणि ८ मिळून १६ जीबी' हेही डोक्यातून काढा. दोन्ही कार्डांत तोच डेटा दोनदा भरलेला असतो. सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स काढल्या म्हणून जमीन दुप्पट होत नाही. आणि तुमच्या लहान बोर्डावर खालचा लांब स्लॉट असलाच तर तो बहुतेक नावालाच लांब असतो, आत डेटा जायच्या चारच लेन, त्याही थेट प्रोसेसरला नाही, बोर्डावरच्या चिपसेटमार्गे.

हे झालं कुठेही लागू पडणारं. मला जास्त काळजी तुमच्या विजेच्या लाईनची आहे.

आरएक्स ५८० चं एक कार्ड १८५ वॅट खातं, दोन म्हणजे ३७०. आपल्याकडे घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो बहुतेक ३६० वॅटच देतो. म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर मोजायच्या आधीच संपला. लाईन गेली की यूपीएस एकदा टूं करेल आणि मशीन धाडकन बंद. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२. पूर्ण लोडवर ११५ आणि ३७० मधला फरक २५५ वॅट. रोज चार तास खेळलात तर दिवसाला साधारण एक युनिट, महिन्याला तीसेक. बिल १०० युनिटच्या आसपास असेल तर तेवढ्याने वरच्या स्लॅबमध्ये जाल, आणि मग घरचे कार्डापेक्षा तुम्हालाच बोलतील.

वरून आपलं ऊन. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, खोलीतच चाळिशीच्या आसपास असतं, तिथे दोन कार्डं एकाखाली एक बसवली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. असं एक मशीन जिनिंगजवळच्या घरातून माझ्याकडे आलं होतं. वरच्या कार्डाच्या पंख्यामागे हीटसिंकवर कापसाच्या तंतूंची गादी जमली होती, अखंड पापुद्रा चिमट्याने ओढून काढला. खालच्या कार्डाला मात्र थोडीशीच धूळ. कूलर थेट कॅबिनेटवर मारायचा हा उपाय करू नका राजेहो. ओलसर हवेत तंतू आणखी घट्ट चिकटतात, आणि पॅडचं पाणी उडालं तर बोर्ड गेला. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पुढच्या जाळीवर ब्रश फिरवत जा, बस.

कोणतं घ्यायचं? हात आखडता असेल तर आरएक्स ६६००, जमत असेल तर आरटीएक्स ४०६०. दोन्ही ८ जीबी, दोन्ही १०८०पीला तुमच्या ३६०० बरोबर शोभतात. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड चांगल्या भावात नवं मिळालं तर तेही चालेल, पण ते १७० वॅट घेतं. भाव नागपूरच्या सीताबर्डीला दोन-तीन दुकानांत विचारा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी चकरा तुम्हालाच माराव्या लागतात. जाण्याआधी कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी टेपने मोजून जा.

फारच तंगी असेल तर त्या दोनपैकी एक ५८० घेऊन काम चालवता येईल. मात्र कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडर्स, म्हणजे कार्डातल्या छोट्या गणित-युनिटांची संख्या, बघा. २३०४ असतील तर खरं ५८०. २०४८ असतील तर त्याच नावाचं कमी ताकदीचं कार्ड, त्याचे पैसे तसे द्या. ही कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये भरपूर पिदडली गेली आणि कित्येकांचा बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदललेला असतो, म्हणून अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एएमडीने २०२३ च्या अखेरीस या पिढीचे ड्रायव्हर मुख्य ड्रायव्हरपासून वेगळे केले, हेही धरून चला.

कोणी म्हणेल, थ्रीडीच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये दोन कार्डं चालतात. चालतात, तिथे काम तुकड्यांत वाटता येतं. कोणी लॉसलेस स्केलिंग या सॉफ्टवेअरचं नाव घेईल. त्यात दुसरं कार्ड मधल्या बनावट फ्रेम काढतं, खेळाच्या खऱ्या फ्रेम वाढत नाहीत. तुम्हाला खेळायचं आहे, तेव्हा या दोन्हींच्या मागे लागू नका.

दोन कार्डांचा विचार सोडल्यावर पैसे उरले तर आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बघा, आणि वायरमनला बोलवून तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवं कार्ड बसवायची घाई नको. सध्याच्या एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो टाका. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून ४०६० त्यावर चालेल की नाही ते सांगतो.