तबलजी भावाची कंबर आणि रात्रीची दारू: कोणामुळे काय?

तुमचा प्रश्न असा: धाकटा भाऊ फोंड्याच्या बाजूला भजनाला, जत्रेतल्या नाटकांना आणि सीझनमध्ये हॉटेलांतही तबला वाजवतो. कंबर कित्येक वर्षं दुखते. तो म्हणतो दुखतं म्हणून घेतो, घरचे म्हणतात घेतो म्हणून दुखतं. खरं कोणाचं?

दोघांचंही. म्हणूनच हा वाद घरात मिटत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गोव्यातले पखवाजवाले, पेटीवाले, तबलजी माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांना एक सांगा. त्याचं दुखणं खरं आहे, पिण्यासाठी काढलेली सबब नाही. मांडी घालून बसलं की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. तबलजी त्यातच पुढे झुकलेला असतो. आपल्याकडे जत्रेचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन चोवीस तास अखंड असतं. साथीदार मधेच उठला तर साथ तुटते, म्हणून तो उठत नाही. वर ध्वनिक्षेपक, पेट्या, तबले टेम्पोत चढवायचे तेही बहुतेकदा याच माणसांनी. 'दारू सोड, कंबर आपोआप बरी होईल' हे वाक्य या माणसाला लागतं. त्याचं दुखणं कोणी ऐकूनच घेत नाही, असं त्याला वाटतं, आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही.

आता दारूचं. फेणी असो, हुर्राक असो की व्हिस्की, अल्कोहोल वेदना खरोखर दबवतं. पण थोडे तास. त्या तासांत शरीराची सूचना ऐकू येत नाही, तो आणखी एक अंक बसतो, मग वजन उचलतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते, आणि अपुऱ्या झोपेनंतर तेच दुखणं जास्त बोचतं. रोज घेणाऱ्याची मज्जासंस्था अल्कोहोलला सरावते. अंमल उतरला की ती उलट जास्त संवेदनशील होते, म्हणून सकाळी कंबर पेटते आणि संध्याकाळ कधी होते असं वाटू लागतं. 'प्यालो की बरं वाटतं' हा त्याचा अनुभव खोटा नाही. त्यातला बराचसा आराम आदल्या रात्रीच्या दारूनेच वाढवलेल्या दुखण्यापासूनचा असतो, एवढंच.

अधूनमधून एखादा पेग घेतल्याने मणका झिजतो असं मात्र मी म्हणणार नाही. चकत्यांना सिगारेट त्याहून वाईट, तेही बघा.

मला खरी काळजी वेगळ्याची वाटते. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याच्या 'कंबरदुखी'मागे कधीकधी दारूनेच झालेला दुसरा आजार असतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरतं. दारू हे त्याचं एक मोठं कारण आहे. माणूस कंबर म्हणतो, पण हात जांघेकडे किंवा कुल्ल्याकडे जातो आणि मांडी घालणं अवघड होतं. तबलजीला हे सगळ्यांत आधी कळायला हवं, पण तो 'बसून बसून आखडलं' म्हणून सोडून देतो. सुरुवातीला एक्स-रे चांगला दिसू शकतो, एमआरआयमध्ये सापडतं. भावाला एकच विचारा: पूर्वीसारखी मांडी घालता येते का? येत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा.

पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी, पुढे वाकलं की हलकी होणारी कळ ही स्वादुपिंडाची असू शकते. दोन्ही तळपायांची जळजळ किंवा बधिरपणा दारूमुळे नसा बिघडल्याने येऊ शकतो. कमरेतून एकाच पायात उतरणारी कळ बहुधा दबलेल्या नसेची असते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातला जोर जाणे यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघू नका, थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नेऊन दाखवा.

गोळ्यांबद्दल फार जपा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांवर दारू म्हणजे जठरातून रक्तस्रावाचा धोका. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर ताण. ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबालिनबरोबर दारू घेतली तर गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. हे मिश्रण जिवावर बेतू शकतं.

आणि कृपा करून त्याच्याकडून देवासमोर शपथ घेऊन दारू एका रात्रीत बंद करून घेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप येऊन जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन करायचं असतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत, व्यसनमुक्तीचे उपचार होतात. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. समुपदेशनाने काय होणार असं तो म्हणेल. त्याला सांगा, हे गोव्यातच तपासून पाहिलेलं आहे. सांगाथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्या पुरुषांसाठी छोटा उपचार चालवला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी तो घेतलेल्यांपैकी ३६ टक्के सावरलेले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के.

कंबर आणि दारू दोन्हींवर एकाच वेळी काम सुरू करा. एक बरं झाल्यावर दुसरं बघू, असं ठरवलं की दोन्ही राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कमरेसाठी लगेच करता येण्याजोगं म्हणजे बसताना कुल्ल्यांखाली घट्ट घडी किंवा जाड उशी घ्यायची, गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील इतकी. प्रत्येक अंकानंतर उठून दोन मिनिटं चालायचं. मंडळाला सांगून दुसरा तबलजी आलटून पालटून बसवता आला तर उत्तम. व्यायाम तपासून घेतल्यावरच ठरवायचे.

बोलायचं झालं तर दुपारी, तो शुद्धीत असताना, एकट्याशी बोला, मंडळातल्या लोकांसमोर नको. काम जाईल या भीतीने आपल्याकडचे कलाकार दुखणं लपवतात. सीझन संपण्याची वाट मात्र पाहू नका. डॉक्टरांकडे तुम्ही सोबत जा आणि रोजचं प्रमाण जेवढं आहे तेवढंच सांगा. कमी सांगितलं तर गोळ्यांचा डोसही चुकतो आणि दारू थांबवण्याची पद्धतही.